पेशीतल्या थेंबांबद्दल तुम्ही विचारलेलं

गेल्या अंकात पेशीच्या आत प्रोटीन आणि आरएनए मिळून जे थेंब बनवतात, ज्यांना कंडेन्सेट म्हणतात, त्यांच्यावर अर्ध्या पानाची नोंद होती. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आरएनएवरचं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं, कारण खरी मजा तिथेच आहे.

प्रश्न: मी सांगलीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑर्गनेल, म्हणजे पेशीतला ठराविक कामाचा भाग, ही पडद्याची पिशवीच असते असं आम्ही शिकलो. मग केंद्रकातल्या न्यूक्लिओलस या दाट गोळ्याला पडदा नाही तरी तो विरघळून का जात नाही? मॅडम म्हणाल्या आमटीवरच्या तेलाच्या थेंबांसारखं आहे ते. खरंच इतकं सोपं आहे का?

उत्तर: मॅडमनी सांगितलं ते बरोबरच आहे, फक्त त्याच्या पुढचंही सांगायला हवं. तेलाच्या रेणूंना पाण्यापेक्षा एकमेकांची संगत परवडते म्हणून ते वेगळे राहतात. पेशीतल्या काही प्रोटीनचंही तसंच, एका मर्यादेपर्यंत ती पाण्यात सुटी फिरतात, पण त्यांचं प्रमाण त्या मर्यादेच्या वर गेलं की जास्तीची सगळी एकत्र येऊन दाट थेंब बनवतात आणि बाहेरच्या पातळ भागातलं प्रमाण साधारण त्या मर्यादेवरच थांबतं. सीमा आपोआप पडते, पडदा लागतच नाही. याला फेज सेपरेशन म्हणतात. आता फरक बघ. तेलाच्या थेंबात आत नुसतं तेल असतं, पेशीतल्या थेंबात मात्र भरपूर पाणी असतं, रेणू सारखे आत-बाहेर करत असतात, आणि पृष्ठताण तर तेल-पाण्याच्या मानाने हजारो पटींनी कमी. म्हणून पेशीला हे थेंब मोडणं आणि पुन्हा बनवणं फार महाग पडत नाही.

हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते २००९ साली, जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये. टोनी हायमन यांची लॅब, तिथे पोस्टडॉक करणारे क्लिफर्ड ब्रँगविन आणि जोडीला फ्रँक युलिशर हे फिजिक्सवाले. समोर काय होतं, तर सी. एलेगन्स नावाच्या जेमतेम एक मिलिमीटर लांब जंताचं एकपेशीय अंडं. या अंड्यात प्रोटीन आणि आरएनएचे छोटे कण असतात, पी ग्रॅन्युल म्हणतात त्यांना, आधी सगळीकडे पसरलेले आणि पहिल्या विभाजनाच्या आधी फक्त मागच्या अर्ध्या भागात. जी पेशी मागची, तिच्यापासूनच पुढे जंताची बीजपेशी बनते. पूर्वीचा समज असा की हे कण वाहून किंवा ओढून मागे नेले जात असतील. फिल्ममध्ये दिसलं ते वेगळंच, पुढचे कण जागच्या जागी विरघळत होते आणि मागे नवे जमत होते! आणि जंताच्या जननग्रंथीतल्या केंद्रकांना चिकटलेल्या ग्रॅन्युलना काचेखाली जरा ताण दिला तर ते केंद्रकावरून चक्क ओघळले, दोन भिडले की थोड्याच सेकंदांत एकच गोल. त्यांचा दाटपणा मोजला तर ग्लिसरिनच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या साधारण हजार पट. घन कण असा कधी वागत नाही. या कामासाठी हायमन आणि ब्रँगविन यांना २०२३चं ब्रेकथ्रू प्राइझ मिळालं.

तुझ्या न्यूक्लिओलसचं म्हणशील तर त्यावर २०११ साली बेडकाच्या अंड्यात काम झालं. आफ्रिकन झेनोपस बेडकाचं अंडं मिलिमीटरभर मोठं, त्याच्या केंद्रकात शेकड्यांनी न्यूक्लिओलस, आणि ते एकमेकांत मिसळतात तेव्हा द्रवाच्या नियमानेच मिसळतात. मला सगळ्यात आवडलेला प्रयोग मात्र त्यानंतर दोन वर्षांनी आला. इतक्या मोठ्या केंद्रकात हे जड थेंब खाली का बसत नाहीत, हा प्रश्न होता. उत्तर निघालं की आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांची बारीक जाळी आहे, ती त्यांना धरून ठेवते. जाळी मोडली तर न्यूक्लिओलस गुरुत्वाकर्षणाने खाली बसले आणि एकमेकांत विलीन होऊन मोठे गोळे झाले. पेशीच्या आतल्या गोष्टीला गुरुत्वाकर्षण जाणवतं हे वाचून मी तो पेपर लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचला होता.

आणि हो, न्यूक्लिओलस म्हणजे एकच थेंब नाही. त्यात एकात एक तीन थर असतात, तिन्हींची प्रोटीन वेगळी, पृष्ठताण वेगळा, म्हणून मिसळत नाहीत. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, त्याचा आरएनए आतल्या बाजूला तयार होतो, मधल्या थरात त्याची कापाकापी होते आणि बाहेरच्या थरात रायबोसोमचे भाग जुळतात. थरांचा क्रम आणि कामाचा क्रम एकच आहे.

प्रश्न: मी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना आम्ही सांगतो की आरएनए म्हणजे डीएनएचा निरोप प्रोटीनपर्यंत नेणारा. मग या थेंबात त्याचं काय काम? की नुसता सापडतो म्हणून मोजतात?

उत्तर: बाई, नुसता सापडत नाही, बऱ्याच ठिकाणी थेंब होणार की नाही हे तोच ठरवतो.

आधी थेंब कसा जुळतो ते बघू. एका रेणूला चिकटायची एकच जागा असेल तर दोघांची जोडी होते आणि गोष्ट तिथेच संपते. तीन, चार, पाच जागा असतील तर एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असं जाळं पसरत जातं. अमेरिकेत डॅलसला मायकल रोझेन यांच्या गटाने २०१२ साली हे फार साफ दाखवलं. त्यांनी एकमेकांना धरणाऱ्या प्रोटीनच्या दोन तुकड्यांच्या एकामागे एक कमी-जास्त प्रती जोडल्या आणि परीक्षानळीत मिसळल्या, तर प्रती जितक्या जास्त तितक्या कमी प्रमाणात थेंब पडायला लागले. एकेक पकड कमजोरच, पण खूप पकडी असल्यामुळे जाळं टिकतं आणि कमजोर असल्यामुळेच ते वाहतं. आता आरएनए बघा, लांबच लांब साखळी, प्रत्येक कडीवर ऋण भार, आणि त्याच साखळीवर प्रोटीनला धरायच्या कितीतरी जागा. जाळ्यासाठी याहून सोयीचा रेणू कुठला मिळणार! आर्जिनिन या धन भाराच्या अमिनो आम्लाने भरलेली प्रोटीनं त्याला पटापट धरतात.

पण गंमत अशी की आरएनए थोडा असला तर थेंब बनवतो आणि फार झाला तर मोडतो. प्रोटीनच्या धन भाराइतका ऋण भार मिळेपर्यंत जाळं वाढत जातं, त्याच्या पुढे आरएनए टाकत गेलं की प्रत्येक प्रोटीनभोवती इतका ऋण भार जमतो की ती एकमेकांपासून दूरच राहतात आणि पाणी पुन्हा स्वच्छ होतं. परीक्षानळीत हे डोळ्यांनी दिसतं.

पेशी याचा उपयोग करून घेते, आणि हे मुलांना सांगण्यासारखं आहे. आपल्या प्रत्येक पेशीत एफयूएस नावाचं एक प्रोटीन असतं, मुख्यतः केंद्रकात. केंद्रकात ते इतकं दाट असतं की खरं तर तिथे त्याचे थेंब पडायला हवेत, पण केंद्रकात आरएनएही प्रचंड असतो म्हणून ते विरघळलेलं राहतं. शोवामयी महाराणा आणि सहकाऱ्यांनी ड्रेस्डेनमध्येच असताना २०१८ साली जिवंत पेशीच्या केंद्रकात आरएनए तोडणारं एन्झाइम सुईने सोडलं, तर तिथे एफयूएसचे थेंब पडायला लागले. त्या आता बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत आहेत. हे एफयूएस लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात लागणार आहे.

जंताच्या अंड्यातही शेवटी हाच खेळ निघाला. अंड्याच्या पुढच्या बाजूला एमईएक्स-५ नावाचं प्रोटीन जास्त असतं, ते आरएनए स्वतःकडे धरून ठेवतं, त्यामुळे थेंब बनवणाऱ्या प्रोटीनला तिथे आरएनए मिळत नाही आणि थेंब मागेच जमतात. म्हणजे अंड्याची मागची बाजू कुठली हे ठरल्यावर थेंब कुठे पडायचे हे आरएनएच्या ओढाताणीतून ठरतं.

आणि कुठलाही आरएनए चालतो असंही नाही. अ‍ॅशबिया नावाच्या बुरशीत व्ही३ हे प्रोटीन दोन वेगळ्या आरएनएबरोबर दोन वेगळे थेंब करतं, एक केंद्रकांजवळ, एक वाढत्या टोकांपाशी. दोन्हीत प्रोटीन तेच. आरएनएची घडी कशी पडलीय त्यावर तो कुठल्या थेंबात जाणार हे ठरतं, घडी मोडली तर नको त्या थेंबात शिरतो. निरोपाचा मजकूर एक काम करतो आणि त्याच रेणूची घडी दुसरं, असं मुलांना सांगितलंत तर मला वाटतं आठवीच्या मुलालाही पटेल.

प्रश्न: माझ्या भावाला एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) झालाय. एका व्हिडिओत ऐकलं की पेशीतले थेंब कडक झाल्यामुळे हा आजार होतो आणि थेंब पुन्हा पातळ करणारं औषध निघालंय. व्हिडिओच्या खाली गोळ्यांची लिंक पण होती. घ्याव्यात का? (नागपूर)

उत्तर: ताई, आधी सरळ सांगतो, त्या गोळ्या मागवू नका. थेंब पातळ करून एएलएस बरा करणारं कुठलंही मान्यता मिळालेलं औषध आज नाही. भावाचं जे औषध न्यूरॉलॉजिस्टनी चालू केलंय ते त्यांना विचारल्याशिवाय बंदही करू नका. लिंकवरच्या गोळीत काय भरलंय हे कोणी तपासलेलं नसतं, आणि गिळणं, श्वास, वजन हे सगळं आधीच नाजूक असताना तो धोका घेण्यासारखा नाही.

आता व्हिडिओतलं खरं किती. वर ज्या एफयूएसबद्दल लिहिलं त्याच्या जनुकातल्या बिघाडाने काही लोकांना एएलएस होतो. २०१५ साली दिसलं की या प्रोटीनचे थेंब आधी द्रव असतात, पण ठेवून दिले तर हळूहळू कडक होतात आणि त्यांच्यातून तंतू निघायला लागतात, आणि आजारातला एक बदल असलेल्या प्रोटीनचं हेच काही तासांत होतं. एचएनआरएनपीए१ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनचंही तसंच सापडलं. एफयूएसमधले बरेच बदल असे आहेत की प्रोटीनला केंद्रकात जायची खूण बिघडते, म्हणजे ते आरएनएने भरलेल्या केंद्रकातून निघून बाहेर अडकतं, जिथे ते विरघळलेलं ठेवायला तितका आरएनए नाही. दोन्ही गोष्टी जोडून बघितल्या की चित्र पटतं.

पण एफयूएसचा बिघाड थोड्याच रुग्णांत असतो. बहुतेक रुग्णांच्या चेतापेशींत जे गोळे सापडतात ते टीडीपी-४३ या वेगळ्या प्रोटीनचे. ते द्रव थेंबातूनच घट्ट होतात की वेगळ्या वाटेने, यावर अजून वाद चालू आहे. म्हणून थेंब कडक झाला म्हणून आजार झाला, असं एका वाक्यात म्हणणं बरोबर नाही.

खरोखर विचारण्यासारखी एक गोष्ट आहे. घरात आणखी कोणाला हा आजार झाला असेल किंवा भावाला तो फार लहान वयात झाला असेल तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल विचारा. एसओडी१ जनुकातल्या बिघाडासाठी टोफरसेन नावाच्या औषधाला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि एफयूएससाठीही तशाच पद्धतीच्या औषधाच्या चाचण्या झाल्या आहेत. ही औषधं थेंब पातळ करत नाहीत, बिघडलेलं प्रोटीन तयार व्हायच्या आधीच त्याच्या आरएनएला गाठतात. भावाला आणि तुम्हाला मनापासून बळ मिळो.

प्रश्न: पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूच्या स्लाइडवर निग्री बॉडी, म्हणजे रेबीजमध्ये चेतापेशीत दिसणारे गोळे, शिकताना पाहिल्यात. त्यापण या प्रकारात येतात का?

उत्तर: हो, आणि उदाहरण फार चांगलं दिलंत. अडेल्की निग्री यांनी त्या १९०३ साली वर्णन केल्या, तेव्हा त्यांना तो परजीवी वाटला होता. २०१७ साली फ्रान्समधल्या गटाने दाखवलं की त्या द्रव आहेत, गोल असतात, एकमेकींत मिसळतात, दाब पडला की आकार बदलतात. रेबीजचा विषाणू आपल्या एन आणि पी प्रोटीनपासून हा थेंब बनवतो आणि त्याच्या आतच स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढतो. करोनाच्या विषाणूचं आरएनए गुंडाळणारं एन प्रोटीनसुद्धा आरएनएबरोबर असेच थेंब करतं, हे २०२० पासून अनेक लॅबनी दाखवलंय. विषाणूला अगदी मोजकी प्रोटीनं मिळतात, त्यात आयता कारखाना उभा करायचा तर हा मार्ग सोयीचा पडत असावा, असं मला वाटतं.

प्रश्न: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याच्या भिंगातपण प्रोटीनच असतात ना, मग हेच होतं का तिथे?

उत्तर: थोडं नातं आहे. वासराचं ताजं भिंग थंड केलं तर ते दुधाळ होतं आणि गरम केलं की पुन्हा काचेसारखं साफ. भिंगातली क्रिस्टॅलिन प्रोटीनं थंडीत दाट आणि पातळ अशी वेगळी होतात, प्रकाश विखुरतो, आणि ऊब मिळाली की परत एक होतात. कंडेन्सेट हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी, १९७० आणि ८०च्या दशकांत, एमआयटीत यावर काम झालंय. वयामुळे होणारा मोतीबिंदू मात्र परत फिरत नाही, तिथे प्रोटीन खराब होऊन कायमचे गोळे होतात, म्हणून ऑपरेशनच करावं लागतं. आईंचं झालं ते योग्यच झालं.

प्रश्न: पीएचडी करतोय. माझं प्रोटीन जीएफपी हे चमकणारं प्रोटीन लावून पेशीत टाकलं की गोल ठिपके दिसतात, गाइड म्हणतात फेज सेपरेशन लिहून टाक, हेक्सेनडायॉल या कमजोर पकडी सोडवणाऱ्या रसायनाने ठिपके जातात एवढं दाखव. पुरे का?

उत्तर: नाही. आणि हे जरा कळकळीने लिहितोय, कारण या विषयात घाई फार झाली आहे. गोल ठिपका म्हणजे द्रव थेंब असं होत नाही. बाहेरून भरमसाट प्रोटीन टाकलं तर पुष्कळ प्रोटीनचे ठिपके पडतात, म्हणून आधी पेशीचं स्वतःचं जनुकच क्रिस्परने, म्हणजे जनुक बदलायच्या तंत्राने, टॅग करून नैसर्गिक प्रमाणात ठिपके दिसतात का ते बघ. हेक्सेनडायॉल हे सरसकट मारा करणारं हत्यार आहे, ते पेशीत एन्झाइमं पण बिघडवतं आणि पडदाही, त्यामुळे ठिपके गेले याचा अर्थ लावता येत नाही. लेझरने रंग घालवून तो किती वेळात परत येतो ही चाचणी चांगली, पण डीएनएला चिकटून सुटणाऱ्या प्रोटीनचाही रंग तसाच परत येतो. प्रमाण वाढवल्यावर बाहेरच्या पातळ भागातलं प्रमाण एका पातळीवर थांबतं का, ते मोज. प्रोटीन एकापेक्षा जास्त असतील तर ती पातळी सरळ राहत नाही, हेही लक्षात ठेव.

बर्कलीत झेव्हिएर डारझॅक आणि रॉबर्ट ट्यान यांच्या गटाने २०१९ साली हर्पीस विषाणू शिरलेल्या पेशीच्या केंद्रकात विषाणू जिथे वाढतो त्या जागा तपासल्या. गोल दिसतात, मिसळतात, सगळी लक्षणं थेंबाचीच. एकेका रेणूचा माग काढल्यावर कळलं की डीएनएवरून आरएनए बनवणारं आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम तिथे जमतं ते विषाणूचा उघडा डीएनए ठिकठिकाणी त्याला धरतो म्हणून, थेंब बनल्यामुळे नव्हे. तो पेपर गाइडसमोर ठेव. तुझे ठिपके खरोखर थेंब निघाले तरी पुढचा प्रश्न असतोच, थेंब मोडला आणि प्रोटीन तेवढंच ठेवलं तर पेशीचं कुठलं काम थांबतं? ते दाखवलंस तर कोणी रिव्ह्यूअर हटकणार नाही.

आपल्याकडे हे नेटाने कसं करतात ते बघायचं असेल तर आयआयटी बॉम्बेमधल्या समीर माजी यांच्या लॅबचं अल्फा-सिन्यूक्लिनवरचं २०२०चं काम वाच. पार्किन्सन्समध्ये गोळे होणारं हे प्रोटीन, त्यांनी ते आधी द्रव थेंब बनतं आणि काही दिवसांत थेंब घट्ट होऊन आत तंतू धरतात हे टप्प्याटप्प्याने दाखवलं.

प्रश्न: कॉलेजच्या लॅबमध्ये असं काही करून बघता येईल का? आमच्याकडे साधा मायक्रोस्कोपच आहे. (रत्नागिरी)

उत्तर: नक्की येईल, आणि साहित्य स्वस्त आहे. एक टक्का जिलेटिन आणि एक टक्का गम अरेबिक (डिंक) वेगवेगळ्या कोमट पाण्यात, साधारण ४० अंशांवर, पूर्ण विरघळवा. जिलेटिन ५ मिली आणि गम ३ मिली एका परीक्षानळीत घ्या. त्यात पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, ०.१ मोलर, ड्रॉपरने एकेक थेंब टाकत हलवत जा. काही थेंबांनंतर पाणी ढगाळ होईल आणि हलवूनही तसंच राहील, तिथे थांबा. लगेच स्लाइड करा, आधी १० मग ४०चं भिंग, उजेड कमी ठेवा. गोल थेंब दिसतील, थोडा वेळ एकाच जागी बघत राहिलात तर दोन मिसळताना सापडतील.

इथे जिलेटिन प्रोटीन आहे, अ‍ॅसिडमध्ये त्याला धन भार येतो, आणि गमवर ऋण भार असतो, म्हणजे पेशीतल्या आर्जिनिनवाल्या प्रोटीनची आणि आरएनएची जोडी इथे जिलेटिन आणि गमने घेतली. याला कोअ‍ॅसर्व्हेट म्हणतात, रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांनी जीवसृष्टीची सुरुवात असल्याच थेंबांतून झाली असावी असं मांडलं होतं. आता ढगाळ नळीचे तीन भाग करा. एकात मिठाचं दाट पाणी टाका, भार झाकले जाऊन ती स्वच्छ व्हायला लागेल. दुसरीत अ‍ॅसिड टाकत राहा, गमवरचा ऋण भार कमी होऊन तीही स्वच्छ होईल. तिसरीत न्यूट्रल रेड या रंगाचा एक थेंब टाका आणि रंग आत जास्त जमतो की बाहेर ते स्लाइडवर बघून वहीत लिहा. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि काम संपेपर्यंत नळ्या कोमट पाण्यात उभ्या ठेवा, थंड झाल्या की जिलेटिन घट्ट होतं आणि मग थेंब मिसळताना दिसत नाहीत.